करुणा कोणाच्या मालकीची?

जनावरांशी समाजाची वागणूक सुधारते आहे की बिघडते आहे, असा विषय निघाला की आपल्या चळवळीतला कार्यकर्ता लगेच सावध होतो. इथे माणसालाच अजून माणूस म्हणून वागवत नाहीत, तिथे जनावरांचे काय घेऊन बसलात, असा त्याचा रोकडा सवाल असतो. हा सवाल खोटा नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना पाणी प्यायला मुभा होती, आमच्या आजा-पणजांना नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन केले, तर तळे गाईच्या शेण-मुताने 'शुद्ध' करून घेण्यात आले! ज्यांनी हे भोगले त्यांच्या वारसांना भूतदयेचे प्रवचन ऐकवत नाही, हे आम्ही समजू शकतो. तरीही हा प्रश्न आपण टाळू नये, असे आमचे मत आहे.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका ऊसतोड कामगाराचे प्रकरण आमच्याकडे आले. समाजबांधवच होता. गाडी ओढून थकलेली बैलजोडी विकायला त्याने टेम्पोत घालून आठवडी बाजारात नेली. वाटेत एका टोळक्याने टेम्पो अडवला, त्याला आणि ड्रायव्हरला बेदम मारले आणि पोलीस ठाण्यात आणून उभे केले. गुन्हा दाखल झाला तो मार खाणाऱ्यांवर! बैल मात्र दुपारपासून रात्रीपर्यंत ठाण्याच्या आवारात त्याच टेम्पोत उभे होते. गोमातेच्या नावाने घोषणा देणाऱ्यांपैकी एकालाही बादलीभर पाणी आणावेसे वाटले नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा सुजलेल्या तोंडाने आमचा पक्षकार जामिनाबद्दल बोलला नाही. "वकीलसाहेब, आधी बैलांना पाणी पाजायला सांगा," एवढेच म्हणाला. पंचनाम्यात ते बैल 'मुद्देमाल' झाले. खटला उभा राहण्याआधीच त्यांतला एक गोशाळेत मेला. त्याच्या मरणाची चौकशी कोणी केली नाही.

तेव्हापासून आम्ही या प्रश्नाकडे पूजेच्या नव्हे, तर धम्माच्या मोजपट्टीने पाहतो. ही मोजपट्टी बाबासाहेबांनीच दिली आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना त्यांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला. तथागतांनी अहिंसा हा आंधळा नियम केला नाही, ते तत्त्व सांगितले. कोणी काय खावे यावर पहारा बसवणे हा त्याचा अर्थ नाही. गरज नसताना, केवळ मौजेसाठी, लोभासाठी किंवा देवाच्या नावावर जिवाला यातना द्यायच्या नाहीत, हा त्याचा अर्थ आहे.

या मोजपट्टीने पाहिले तर सुधारणा झालीच नाही असे म्हणता येणार नाही. वाघ, सिंह, अस्वल, बिबटे, माकडे यांचे सर्कशीतले खेळ केंद्र सरकारच्या १९९८ च्या अधिसूचनेने बंद झाले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम केली. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी २०१४ मध्ये देशात बंद झाली. त्याच वर्षी ७ मे रोजी जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या ५१-क (छ) या कलमाचा आधार घेतला आणि प्राण्यालाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे असे ठणकावून सांगितले. प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, असे हे कलम सांगते.

पण पुढे काय झाले? राज्य सरकारांनी २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्त्या करून शर्यतींची वाट मोकळी केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या. संस्कृती म्हटले की पराणीची टोचही गोड लागते! पोळ्याला ज्या बैलाला पुरणपोळी चारायची, त्याचीच शेपटी शर्यतीत पिरगाळायची, ही आमच्या समाजाची भूतदया.

कायद्याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल कापणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तोच बैल मालकाने उपाशी-तहानलेला बांधून ठेवला, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये! सहा दशकांत सगळे महागले, पण जनावराच्या यातनेचा भाव वाढला नाही. बैलाचा जीव घेणे हा घोर अपराध, आणि त्याला रोज थोडे थोडे मारणे हा चहापाण्याचा खर्च, असा याचा अर्थ होतो. हा कायदा बैलाच्या प्रेमातून आला असता तर हिशेब असा उलटा झाला नसता.

परिणाम समोर आहेत. २०१२ ते २०१९ या काळात देशातील नर गोवंश सुमारे ३० टक्क्यांनी घटून पावणेपाच कोटींच्या आत आला, असे पशुगणना सांगते. ट्रॅक्टर आला हे त्याचे मोठे कारण आहेच. पण म्हातारा बैल विकता येत नाही आणि गोऱ्हा पोसणे परवडत नाही, ही शेतकऱ्याची कोंडीही त्यात आहे. मग भाकड गाय आणि नको असलेला गोऱ्हा रस्त्यावर सोडला जातो आणि उकिरड्यावर प्लास्टिक खात फिरतो. दुसरीकडे त्याच २०१९ च्या गणनेत कोंबड्यांसह पाळीव पक्ष्यांची संख्या ८५ कोटींवर गेली. अंड्यांसाठीच्या पिंजऱ्यात कोंबडीला वहीच्या पानाएवढी जागा मिळते, पंखही पसरता येत नाहीत. विधी आयोगाने २०१७ मध्ये याविषयी स्वतंत्र अहवाल दिला. कोंबडीसाठी मात्र कोणतीही सेना रस्त्यावर उतरली नाही. कारण कोंबडीच्या नावाने कोणाला झोडपता येत नाही!

म्हणून आमचे उत्तर असे, की कागदावरची दया वाढली, पण तिची वाटणी जात पाहून झाली. जातिव्यवस्थेने माणसांची उतरंड केली, तशीच जनावरांचीही केली. वरच्या पायरीवरचे जनावर पूज्य, खालच्या पायरीवरचे बेदखल. आणि पूज्य जनावराचे मेलेले धूड ओढणारा पुन्हा अस्पृश्य!

गुजरातमधील गिरनारच्या पायथ्याशी सम्राट अशोकाचा शिलालेख आहे. माणसांसाठी आणि पशूंसाठी, अशा दोघांसाठीही औषधोपचाराची सोय केल्याचे, दोघांसाठी विहिरी खणून झाडे लावल्याचे त्यात कोरले आहे. त्याच सौराष्ट्रात, उना तालुक्यात, ११ जुलै २०१६ रोजी मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या आमच्या बांधवांना गाडीला बांधून मारण्यात आले. एप्रिल २०१८ मध्ये त्या कुटुंबाने बौद्ध धम्म स्वीकारला. गाईच्या नावाने ज्यांची पाठ फोडली, त्यांनी सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा घेतली. या देशात करुणेचा खरा वारसदार कोण, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

पण वारसा सांगायचा तर आधी आपले घर झाडले पाहिजे. २२ प्रतिज्ञांचा फोटो भिंतीवर लावायचा आणि गावच्या जत्रेत नवसाचे बकरे कापायचे, हे आपल्या वस्त्यांत आजही चालते. गाडगेबाबांनी जत्राजत्रांतून पशुबळीविरुद्ध जिवाचे रान केले, त्यांना आपण काय उत्तर देणार? आणि ऊसतोडीच्या फडावर आपलाच बांधव बैलावर पेलणार नाही एवढा भार लादतो, हेही आम्ही लपवणार नाही. १९६५ च्या नियमांनुसार ओझ्याच्या जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ या वेळेत जुंपता येत नाही. हा नियम फडावर कोणी पाळत नाही, कारण गाडी हाकणाऱ्या कोयत्याच्या तासांचीही तिथे कोणी नोंद ठेवत नाही. बैलाला सावली मिळेल तेव्हा गाडीवानालाही मिळेल. या दोन लढाया वेगळ्या नाहीत.

चळवळीने आता दोन्ही मागण्या एकत्र कराव्यात. जनावराच्या नावाने माणसाला मारणाऱ्याला कठोर शासन हवे, आणि जनावराचे हाल करणाऱ्याला ५० रुपयांवर सोडणारा कायदाही बदलला पाहिजे. गोरक्षकांचा राग म्हणून आपण करुणाच टाकून दिली, तर ती आयतीच त्यांच्या हाती पडेल. आणि त्यांनी तिचे काय केले, ते ठाण्याच्या आवारात आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मार खाऊनही बैलाला आधी पाणी मागणारा तो ऊसतोड कामगार आमच्या दृष्टीने खरा धम्मचारी आहे. बाबासाहेबांनी दिलेली करुणा त्याने सोडली नाही, आपणही सोडू नये.

जयभीम!