पहिला आला, तरी सतरावा

४ मे २०१९, अमेरिकेतली केंटकी डर्बी ही घोड्यांची शर्यत. चिखलानं माखलेला मॅक्सिमम सिक्युरिटी हा घोडा पावणेदोन लांबीनं जिंकला आणि लगेच आक्षेप आला. शेवटच्या वळणावर तो बाहेर सरकला होता. वॉर ऑफ विलचे पाय जवळजवळ त्याच्या पायांत अडकले आणि मागच्यांचीही लय मोडली. स्टुअर्डांनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, सुमारे बावीस मिनिटं चित्रफीत उलटसुलट पाहिली, त्याला सतरावा ठरवलं आणि ६५ला १ भावाच्या कंट्री हाउसला पहिला. गंमत म्हणजे ज्या घोड्याला खरी झळ बसली, तो आठव्याचा फक्त सातवा झाला.

अमेरिकी नियम विचारतो, या अडथळ्यामुळे दुसऱ्याची जागा हुकली का? हुकली असेल, तर दोषी घोडा त्याच्या मागे. ब्रिटनसह बहुतेक देशांत प्रश्न वेगळा असतो: अडथळा नसता, तर तो घोडा दोषी घोड्याच्या पुढे आला असता का? मला दुसरा प्रश्न रास्त वाटतो. निकालानं शर्यतीतला सरस घोडा सांगावा. जॉकीच्या चुकीचा हिशेब त्याच्या निलंबनात व्हावा. अशा नियमानं धसमुसळेपणा फोफावेल, हा आक्षेप पोकळ नाही. डर्बीच्या बक्षिसापुढे काही दिवसांची बंदी म्हणजे किरकोळ खर्च. पण त्यावर उपाय बंदी जबर करणं हा आहे. शिवाय अत्यंत धोकादायक स्वारीबद्दल घोडा बाद करण्याची तरतूद त्या देशांतही आहेच. ‘आला असता का’ हा अंदाजच, हेही मान्य. पण ‘जागा हुकली का’ हा तरी दुसरं काय आहे?