मानवी हक्कांत मास्टर्स करायचंय? अर्ज भरण्याआधी एवढं ऐका

आजचा विषय आपल्यापैकी बऱ्याच घरांत जेवणाच्या टेबलावर निघतो. पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी सांगते, "मला मानवी हक्कांत मास्टर्स करायचंय." आई विचारते, "आणि पुढे काय?" बाबा विचारतात, "फी किती?" प्रश्न रास्त आहेत आणि मुलीची ओढही खरी आहे. तेव्हा आज दोन्ही बाजूंसाठी बोलू या.

आधी एक आठवण. जागतिक मानवी हक्क जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमाची सुरुवात 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघेल अशा शब्दांनी होत होती. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी तिथे 'सर्व मानव' असा शब्द आणायला लावला. महर्षी कर्व्यांनी सुरू केलेल्या एसएनडीटी विद्यापीठाच्या त्या कुलगुरू होत्या. १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा मंजूर झाला तो त्या बदलासह. एका शब्दाने कोण आत येतं आणि कोण बाहेर राहतं, हे ओळखणं म्हणजेच हा अभ्यास.

आता व्यवहाराकडे वळू. ब्रिटनमध्ये ही पदवी पूर्णवेळ केली तर साधारण एका वर्षाची असते. वाटा मुख्यतः दोन. एलएलएममध्ये करार, न्यायालयांचे निकाल आणि कायद्याचा युक्तिवाद असतो. त्यासाठी बहुतेक ठिकाणी कायद्याची पदवी लागते. एमएमध्ये राजकारण, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र आणि संशोधनाच्या पद्धती येतात. कोल्चेस्टरच्या एसेक्स विद्यापीठात दोन्ही शिकवतात. नोकरी सांभाळून शिकायचं असेल, तर ऑक्सफर्डचा या विषयातला कायद्याचा अभ्यासक्रम अर्धवेळ आहे.

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. नुसतं एलएलएम करून इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होता येत नाही. त्यासाठी एसक्यूई ही वेगळी परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. हे वर्ष संपल्यावर कळलं, तर वर्षही गेलं आणि पैसेही.

मग नोकरी कुठे? निर्वासितांना सल्ला देणाऱ्या संस्था, कौन्सिल, संशोधन, पत्रकारिता. आणि कंपन्यासुद्धा! २०१५च्या मॉडर्न स्लेव्हरी कायद्यानुसार ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना दरवर्षी निवेदन द्यावं लागतं. आपल्या मालाच्या साखळीत वेठबिगारी नाही ना, यासाठी काय केलं ते त्यात सांगायचं असतं. ते तपासायला माणसं लागतात.

पण नुसत्या पदवीवर भागत नाही, हाताला कामाची सवय हवी. म्हणून विद्यापीठात 'क्लिनिक' आहे का ते विचारा. एसेक्सचे विद्यार्थी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलसाठी व्हिडिओंची पडताळणी करत आले आहेत. सावल्या, इमारती, दुकानांच्या पाट्या बघून तो व्हिडिओ खरंच कुठला आणि कधीचा, हे शोधायचं. नोकरीच्या मुलाखतीत असं काम दाखवता येतं.

आता बाबांचा प्रश्न. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा हक्क असलेल्या आणि निदान तीन वर्षं इथे राहिलेल्या विद्यार्थ्याला मास्टर्ससाठी सरकारी कर्ज मिळू शकतं. रक्कम साधारण १३ हजार पौंडांच्या आसपास असते. त्यात आई-बाबांचं उत्पन्न बघत नाहीत. फेड सुरू होते ती पगार वर्षाला २१ हजार पौंडांच्या वर गेल्यावर, आणि तीही वरच्या रकमेच्या ६ टक्के. मात्र एक अट नीट ऐका. आधीच मास्टर्स झालेलं असेल, तर हे कर्ज मिळत नाही. आपल्यापैकी कुणी पुण्याहून एमकॉम करून आलं असेल आणि आता चाळिशीत हा विषय शिकायचा विचार असेल, तर पैशांची सोय वेगळी करावी लागेल.

शेवटी एक गृहपाठ. अर्ज भरण्याआधी तुम्हाला मनापासून आवडतील अशा नोकरीच्या पाच जाहिराती शोधा. त्यांत कोणती पदवी मागितलीय, कोणता अनुभव मागितलाय, ते कागदावर लिहा. मग तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवा. "पुढे काय?" याचं उत्तर त्यावर असेल, आणि कोणता अभ्यासक्रम निवडायचा तेही तिथूनच ठरेल.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या. नमस्कार!