भाव बदलला, मग आलेख का नाही बदलला?

व्हिडिओत आपण आर भाषेतल्या शायनीवर सीताफळाच्या भावाचं ॲप बनवलं. शायनी फुकट आहे, पण त्यातली एक मेख समजून घ्या.

पानावर आलेखाची जागा ठेवतो प्लॉटआउटपुट, आलेख काढतो रेंडरप्लॉट. दोन्हीकडे आलेखाचं नाव तंतोतंत एकच हवं, नाहीतर जागा कोरी राहते. रेंडरप्लॉटच्या आत निवडलेला बाजार वाचला, की शायनी ते लक्षात ठेवतं. बीडऐवजी अंबाजोगाई निवडा, आलेख आपोआप नव्याने निघतो.

पण भावाची फाइल ॲप सुरू होताना एकदाच वाचली असेल तर? दुपारी आडत्याकडून कळलेला भाव तुम्ही फाइलमध्ये भरला, तरी आलेखात आकडे सकाळचेच! आलेख हलतो, म्हणूनच आपण फसतो. पिकलेलं सीताफळ दोन-तीन दिवसांत खराब होतं. जुन्या भावावर सौदा केला, की नफा गेला.

उपाय सोपा आहे. फाइल रिॲक्टिव्हफाइलरीडरने वाचा. ५००० मिलिसेकंद दिले, तर दर ५ सेकंदांनी तो फाइल बदलली का बघतो आणि बदलली तरच पुन्हा वाचतो. रेंडरप्लॉटमध्ये तो डेटा वापरताना नावापुढे कंस विसरू नका.

आजच फाइलमधला एक आकडा बदला. आलेख हलला, तरच त्यावर विश्वास ठेवा!