दाण्यातील न दिसणारा खडा

धान्याचा धंदा करणाऱ्याजवळ तीन तराजू असतात, असे आमचे वडील म्हणत : डोळा, नाक आणि दात. पोत्यास नळी टोचून मूठभर वानगी तळहातावर घ्यावी, रंग पाहावा, वास घ्यावा, दाणा दाताखाली फोडून ओल अजमावावी आणि मग भाव बोलावा. बेळगावच्या पेठेत ह्याच तीन तराजूंच्या भरवशावर आम्ही चाळीस वर्षांहून अधिक काळ तांदळाची घाऊक उलाढाल करीत आलो. खडा, कणी, कोंडा, कीड, जुने-नवे ह्यांपैकी काहीही आमच्या नजरेतून सहसा सुटले नाही. म्हणूनच काही वर्षांपूर्वी परदेशी माल धाडणाऱ्या एका व्यापाऱ्याने आमच्या तांदळाबरोबर कॅडमियमच्या तपासणीचा कागद मागितला, तेव्हा आम्हास प्रथम राग आला आणि मागाहून लाज वाटली. राग अशासाठी, की मालावर संशय घेतला गेला. लाज अशासाठी, की कॅडमियम म्हणजे काय हेच आम्हास ठाऊक नव्हते.

तपासणीत माल निर्दोष ठरला. परंतु त्या गृहस्थांनी दुसरा प्रश्न विचारला : "शेठजी, हा तांदूळ कोणत्या गावच्या शेतातला?" चार गावांचा माल आमच्या वखारीत एकत्र झाला होता. आम्हास उत्तर देता आले नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तरी त्या प्रश्नाने उतारवयात आम्हास पुन्हा विद्यार्थी केले. चिरंजीवांच्या साहाय्याने जे वाचले व समजून घेतले, ते ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने व्यापारी बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

जमिनीत धातू असतातच. लोह, जस्त, तांबे, मँगनीज हे तर रोपास अल्प प्रमाणात हवेच असतात. जस्त कमी पडले की भाताचे रोप खुरटते. ह्यांना आत घेण्यासाठी मुळांच्या पेशींत सूक्ष्म दारे असतात. अडचण अशी, की कॅडमियम हा विषारी धातू ह्या उपयुक्त धातूंशी साम्य असल्यामुळे त्यांच्याच दारांनी आत शिरतो. भातात तो मुख्यतः मँगनीजच्या दाराने येतो. जस्ताच्या खाणींतून, धातूंना मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यातून, टाकून दिलेल्या काही जातींच्या बॅटऱ्यांतून आणि अल्प अंशाने स्फुरदयुक्त खतांतूनही तो शेतात उतरतो. एकदा मातीत मुरला की तो कुजत नाही, विरत नाही. पिढ्यान् पिढ्या राहतो.

रोप ह्यावर काय करते, हे वाचून आम्ही थक्क झालो. चतुर वखारदाराप्रमाणे ते नको असलेला माल कोपऱ्यात कुलूपबंद करते. कॅडमियम आत येताच पेशींत गंधकयुक्त असे छोटे रेणू तयार होतात. त्यांना फायटोकेलाटिन म्हणतात. त्यांचा शोध १९८५ साली लागला. हे रेणू धातूस बांधून टाकतात आणि ते गाठोडे पेशीतील पाण्याच्या कोठीत, ज्यास रिक्तिका म्हणतात, तेथे नेऊन ठेवले जाते. भाताच्या मुळात अशी कोठी भक्कम असली तर विष मुळातच अडकते आणि लोंबीपर्यंत फार थोडे पोहोचते. मात्र सर्व वाणांचे कुलूप सारखे नसते. अंजना धान ह्या, नावावरून आपल्या शेजारचेच वाटावे अशा वाणात हे कुलूप निकामी असल्याचे जपानी शास्त्रज्ञांनी २०१० साली दाखविले. तेथे विष मुळात न थांबता वर चढते.

सर्व वनस्पती धातूस दूर ठेवतात असेही नाही. न्यू कॅलेडोनिया बेटावर एक वृक्ष निकेल एवढ्या प्रमाणात शोषून घेतो, की त्याचा चीक निळसर हिरवा होतो आणि वाळविलेल्या चिकाचा सुमारे चौथा हिस्सा निकेल भरतो. एक जातीचे नेचे मातीतील आर्सेनिक पानांत साठविते, हे २००१ साली प्रसिद्ध झाले. आपल्या परिचयाची मोहरीही शिसे, कॅडमियम ओढून घेते. अशी झाडे लावून, कापून, दूर नेऊन जमीन शुद्ध करण्याचे प्रयत्न चालू आहेत. परंतु ते काम वर्षानुवर्षांचे आहे. तंबाखू, पालक ह्यांसारखी झाडे कॅडमियम पानांत साठवितात. शेजारच्या निपाणीत ज्या बंधूंच्या पिढ्या तंबाखूच्या व्यापारात गेल्या, त्यांनी हे ध्यानी ठेवावे.

आता मुख्य मुद्दा. मातीत धातू फारच वाढला तर रोप बोलते : पाने पिवळी पडतात, मुळे आखूड व तपकिरी होतात, वाढ खुंटते. परंतु माणसास अपायकारक ठरेल एवढे कॅडमियम दाण्यात उतरले तरी भाताचे शेत हिरवेगार डोलत असते, उतारा घटत नाही आणि दाणा टपोरा येतो. रोप आपली सोय पाहते. खाणाऱ्याची सोय पाहणे हे त्याचे काम नव्हे. तेव्हा डोळा, नाक व दात हे आमचे तिन्ही तराजू येथे निरुपयोगी ठरतात. हा खडा निवडून काढता येत नाही, धुतल्याने जात नाही, आणि तांदूळ पॉलिश केल्यानेही फारसा कमी होत नाही.

ह्याचे मोल जपानने चुकविले. गिफू प्रांतातील कामिओका येथील खाणीचे सांडपाणी जिंझू नदीत जाई आणि त्याच नदीचे पाणी खालच्या तोयामा प्रांतात भातशेतीस मिळे. तेथील स्त्रियांना, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्या प्रौढ स्त्रियांना, एक भयंकर व्याधी जडू लागली. प्रथम मूत्रपिंडे बिघडत, मग हाडे इतकी ठिसूळ होत की खोकल्यानेही मोडत. त्या "इताई, इताई" म्हणजे "दुखतंय, दुखतंय" असे विव्हळत, आणि तेच त्या रोगाचे नाव झाले. डॉ. नोबोरू हागिनो ह्या स्थानिक वैद्याने हा रोग जगापुढे आणला आणि १९६१ साली कॅडमियमकडे बोट दाखविले. १९६८ साली जपान सरकारने ते मान्य केले. खाणमालकांविरुद्धचा दावा रहिवाशांनी १९७१ साली जिंकला व १९७२ साली अपिलातही तो टिकला. त्यानंतर दूषित माती खोल पुरून वर चांगली माती पसरण्याचे काम सुरू झाले. साडेआठशे हेक्टरांहून अधिक जमिनीचे ते काम २०१२ साली संपले. त्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला.

ती घरे तांदूळ विषारी आहे हे जाणून खात नव्हती. स्वतःच्या शेतातला, डोळ्यांस उत्तम दिसणारा तांदूळ त्यांनी मुलाबाळांस वाढला. कॅडमियम शरीरात शिरले की दहा ते तीस वर्षे मुक्काम करते. म्हणून रोजचे थोडे थोडे साचत जाते आणि दोष ध्यानी येईतो फार उशीर होतो.

व्यापाऱ्यावर काय ओढवते, ते चीनमध्ये दिसले. २०१३ च्या मे महिन्यात ग्वांगजौ शहरात तांदूळ व तांदळाच्या पदार्थांचे १८ नमुने तपासले गेले. त्यांतील ८ नमुन्यांत कॅडमियम मर्यादेबाहेर निघाले. बोभाटा होताच हुनान प्रांताच्या तांदळास गिऱ्हाईक मिळेना, आणि तेथील कित्येक भातगिरण्या बंद ठेवाव्या लागल्या. ज्यांचा माल चोख होता तेही त्यात भरडले गेले. कारण आपला माल कोणत्या शेतातला, हे त्यांना सिद्ध करता येईना.

मर्यादा किती सूक्ष्म असते, तेही पाहावे. पॉलिश केलेल्या तांदळासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोस ०.४ मिलिग्रॅम आहे. चीनने ती ०.२ ठेवली आहे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर दहा टन तांदळाच्या भरलेल्या गाडीत चार ग्रॅम, म्हणजे सुमारे चार मासे. त्याहून अधिक असेल तर ती गाडी खाण्यास अयोग्य!

उपाय नाहीत असे मात्र नव्हे. शेतात पाणी उभे असले की मातीतील कॅडमियम गंधकाशी बांधले जाऊन मुळास मिळेनासे होते. पाणी काढताच ते मोकळे होते. म्हणून जपानात दूषित भागांत लोंब्या येण्याच्या आधी व नंतर तीन-तीन आठवडे पाणी राखण्यास सांगतात. परंतु पाणी फार काळ ठेवले तर आर्सेनिक वाढते. तेव्हा हे काम जाणत्या कृषितज्ज्ञाच्या सल्ल्यानेच व्हावे. आंबट जमिनीत चुना घातल्यानेही लाभ होतो. २०१२ साली जपानी शास्त्रज्ञांनी मँगनीजचे ते दारच बिघडलेले असे भाताचे वाण प्रसिद्ध केले. त्याच्या दाण्यात कॅडमियम जवळजवळ उतरत नाही. त्याच गुणाचे वाण अकिता प्रांताने २०२५ पासून मोठ्या प्रमाणावर लागवडीस आणले.

आपण व्यापारी ह्यात काय करू शकतो? आम्ही आपल्या पेढीवर तीन नियम केले आहेत. पहिला, प्रत्येक लॉटवर गावाचे नाव लिहावे आणि वखारीत गावे मिसळू नयेत. दुसरा, कारखान्याच्या नाल्याचे पाणी ज्या शेतास लागते तेथील माल तपासल्यावाचून घेऊ नये. तिसरा, शेतकऱ्यास दोष न देता ही गोष्ट समजावून सांगावी. नाल्यात विष सोडणारा तो नसतो आणि तो तांदूळ प्रथम त्याच्याच घरी शिजतो. तपासणीचा खर्च एकट्या लहान पेढीस जड जाईल. तेव्हा संघाने प्रत्येक हंगामात गावोगावचे नमुने एकत्र करून चांगल्या प्रयोगशाळेत धाडावेत आणि खर्च सभासदांत वाटून घ्यावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत भेसळीची गणना आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. हाताने केलेली भेसळ आपल्या पेढ्यांनी पूर्वीपासून वर्ज्य मानली. न पाहिल्यामुळे, न विचारल्यामुळे गिऱ्हाइकाच्या ताटात गेलेले विषही आता आपल्या हिशेबी धरावे लागेल. परवाच एका गृहस्थांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, "शेठजी, हा तांदूळ कोणत्या गावचा?" ह्या वेळी आम्ही वही उघडली आणि गावाचे नाव वाचून दाखविले.