जुनेरातली गोष्ट

नवीन काही सुचत नसलं की मी जुनेरांचं गाठोडं सोडते. आजीच्या इरकली लुगड्याचा पदर अजून लालभडक आहे, पण बसायच्या जागी कापड पार विरलंय. माझी गोधडी त्या विरलेल्या जागेपासूनच सुचू लागते. कडेपासून धावदोरा घालत, फेरे घेत मधोमध यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत.

अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांनीही शेतात घालून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. गुडघ्यावरचा विटका रंग, खिसा उसवल्यावर उरलेला गडद चौकोन त्यांनी तसाच ठेवला. २००२मध्ये त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. किती योग्य जागा!

फिल्मचंही तेच. लिथुआनियातून निर्वासित होऊन न्यूयॉर्कला आलेले जोनास मेकास बोलेक्स कॅमेऱ्यावर रोजचं जगणं टिपत राहिले. त्यांचा ‘वॉल्डन’ हा चित्रपट अशाच तुकड्यांतून जोडला गेला. तुम्हालाही फिल्म करायची असेल, तर पटकथा शोधत बसू नका. सुईत ओवण्याआधी आई दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करते, तेवढंच मोबाईलवर घ्या. आवाज मात्र काढून टाकू नका. बांगड्या, कुकरची शिट्टी, मधेच कुणाला तरी मारलेली हाक, हे सगळं मला चित्राहून बोलकं वाटतं.