खाडीतला जिताडा, गळाचा धंदा आणि भाईंदरचा कारागीर

भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या काठावर भरतीच्या वेळी उभे राहिले, तर रेल्वे पुलाच्या दिशेने तोंड करून बसलेली दोन-चार माणसे हमखास दिसतात. कोणाच्या हातात बांबूची काठी, कोणाच्या हातात रीलचा रॉड, तर कोणी नुसता तंगूस डब्याला गुंडाळून आणलेला. सगळ्यांचे लक्ष एकाच माशावर असते, तो म्हणजे जिताडा. लागला तर घरात दोन दिवस चर्चा, आणि लागून सुटला तर वर्षभर चर्चा.

या माणसांना लागणारा माल कोण विकतो, कोण बनवतो आणि त्यात आपल्या दुकानदार व कारागिरांना काय वाव आहे, याचा विचार या लेखात करायचा आहे. विषय छोटा वाटेल, पण मी त्यात हात पोळून घेतले आहेत म्हणून लिहीत आहे.

माझे मीरा रोडला स्क्रू, खिळे, नळाचे सामान विकण्याचे छोटे दुकान आहे. गिऱ्हाइके मागतात म्हणून काही वर्षांपूर्वी काउंटरवर गळ, तंगूस आणि शिसाचे गोळे ठेवू लागलो. एका घाऊक व्यापाऱ्याने गळांचे खोके निम्म्या भावात देऊ केले. वेष्टन चकचकीत होते, मीही भाव पाहिला आणि माल उचलला. पंधरा दिवसांनी खाडीवर नेहमी बसणारे एक वयस्कर काका दुकानात आले. त्यांनी काउंटरवर गळ ठेवला. त्याचा वाक पूर्ण उघडून तो खिळ्यासारखा सरळ झाला होता.

"शेठ, हा गळ आहे की टाचणी?" ते म्हणाले. "पुलाच्या खांबाशी जिताडा लागला होता. पाण्याबाहेर उडी मारली तेव्हा डोळ्यांनी पाहिला. पाच-सहा किलोच्या खाली नव्हता."

मी म्हटले, "काका, पैसे परत घ्या." त्यावर ते म्हणाले, "गळाचे पैसे देशील. माशाचे कोण देणार?" मला उत्तर सुचले नाही. त्या महिन्यात खाडीवरचे एकही गिऱ्हाईक माझ्या दुकानाकडे फिरकले नाही.

जिताडा म्हणजे कोण?

जिताड्याला गोव्याकडे चोणक, बंगालात भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणतात. इंग्रजीत त्याला 'एशियन सी बास' असे नाव आहे. अमेरिकेत तळ्यांतून ज्या 'बास'च्या शिकारीचे वेड आहे, तो गोड्या पाण्यातला निराळा मासा. त्याचा जागतिक विक्रम १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी याने केला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता याने त्याची बरोबरी केली. दोन्ही मासे सुमारे दहा किलोंचे. आपला जिताडा याहून कितीतरी मोठा होतो, साठ किलोपर्यंतच्या नोंदी आहेत.

हा फरक व्यापाऱ्याने ध्यानात ठेवला पाहिजे. बाजारात 'बास'च्या नावाने जे नकली मासे, गळ आणि कड्या येतात, त्या पुष्कळदा अमेरिकन तळ्याच्या हिशेबाने बनवलेल्या असतात. खाऱ्या पाण्यात त्या गंजतात आणि जिताड्याच्या जोरापुढे उघडतात. नाव एक म्हणून माल एक, असे समजू नये.

जिताडा खाऱ्या, मचूळ आणि गोड्या अशा तिन्ही पाण्यांत राहतो. पिल्ले खाडीतून आत येऊन वाढतात, अंडी घालायला मासे नदीच्या मुखाकडे आणि समुद्राकडे जातात. आणखी नवल म्हणजे हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी बनतो. त्यामुळे फार मोठे जिताडे बहुतेक माद्याच असतात. पेण-अलिबागच्या खारेपाटात खाडीतली पिल्ले आणून शेततळ्यांत वाढवण्याची जुनी चाल आहे. चेन्नईच्या केंद्रीय खारेपाणी मत्स्यपालन संस्थेने १९९७ साली बंदिस्त जागेत जिताड्याचे बीज तयार करून दाखवले, तेव्हापासून त्याच्या शेतीला बळ मिळाले.

पकडायची रीत

जिताडा पाठलाग करणारा मासा नव्हे, तो दबा धरून बसतो. पुलाचे खांब, खारफुटीची मुळे, बांधाच्या उघड्या, पाण्यात पडलेले ओंडके या त्याच्या जागा. पाणी फिरते तेव्हा लहान मासे आणि कोळंबी प्रवाहाबरोबर वाहत येतात, आणि हा आडोशाला तोंड उघडून तयार असतो. म्हणून जाणकार घड्याळापेक्षा तिथी पाहतात. उधाणाला प्रवाह जोरात आणि पाणी गढूळ असते, भांगाला पाणी संथ. भरती संपून ओहोटी लागते तो तास-दीड तास बहुतेकांना मोलाचा वाटतो.

आमिष म्हणून जिवंत कोळंबी किंवा लहान बोय उत्तम. जिताडा आमिष चावत नाही, तोंड झटक्यात उघडून पाण्यासकट ओढून घेतो. त्या वेळी 'भप्प' असा आवाज येतो. मग तो उडी मारून डोके झटकतो. याच क्षणी कच्चा माल उघडा पडतो. दुसरे म्हणजे त्याच्या कल्ल्यावरचे झाकण सुरीसारखे धारदार असते, बारीक तंगूस त्यावर घासला की तुटतो. म्हणून मुख्य दोरीच्या टोकाला हात-दीड हात जाड तंगुसाचा तुकडा जोडावा लागतो. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगणारा दुकानदार एकाऐवजी दोन वस्तू विकतो, आणि गिऱ्हाईक दुवा देते.

मालाची पारख

माझ्या फजितीनंतर मी एका लोहारकाम जाणणाऱ्या मित्राकडे तो सरळ झालेला गळ घेऊन गेलो. त्याने एका नजरेत सांगितले, "याला पाणीच दिलेले नाही." गळ बनतो तो असा. पोलादी तार कापायची, टोक घासायचे, काटा काढायचा, वाक द्यायचा, डोळा वळवायचा, मग तापवून पाणी द्यायचे, पुन्हा हलके तापवून लवचीकपणा आणायचा आणि शेवटी कथील किंवा निकेलचा मुलामा. पाणी जास्त झाले तर गळ काचेसारखा तुटतो, कमी झाले तर उघडतो.

तेव्हापासून प्रत्येक खोक्यातले तीन गळ मी तपासतो. गळ फळीतल्या खिळ्याला अडकवायचा आणि डोळ्याला ताणकाटा लावून हळूहळू ओढायचे. किती किलोला वाक उघडू लागतो ते वहीत लिहायचे. टोक नखावर हलके टेकवून पाहायचे, घसरले तर बोथट, रुतले तर चांगले. ते निम्म्या भावाचे सगळे खोके मी काउंटरवरून काढून भंगारात दिले. तोटा झाला. पण काका पुन्हा आले तेव्हा त्यांच्यासमोर गळ ताणून दाखवला, आणि ते आणखी दोघांना घेऊन आले.

गळाच्या आकड्यांचाही घोळ असतो. एक, दोन, चार, सहा असे आकडे वाढत जातात तसा गळ लहान होतो, पण एकच्या पलीकडे १/०, २/०, ३/० असे वाढले की गळ मोठा होतो. जिताड्यासाठी साधारण ३/० ते ६/० चालतात. नव्या विक्रेत्याने मापाचा तक्ता भिंतीवर लावावा.

तंगुसाचे रीळ उन्हात ठेवू नये, उन्हाने तो कमजोर होतो. रॉडवरच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवावा. धागे अडकले तर कडी तडकलेली आहे आणि ती दोरी कापणार.

जगातले मोठे कारखाने कुठून आले?

आपल्या कारागीर बांधवांनी हा भाग नीट वाचावा. नॉर्वेच्या मुस्ताद घराण्याचा कारखाना १८३२ सालचा, खिळे आणि तारेच्या कामातून पुढे आलेला. तो १८७७ पासून गळ बनवू लागला आणि जगभर पोचला. इंग्लंडचे रेडिच गाव शिवणाच्या सुयांचे, तिथेच गळ बनू लागले. स्वीडनची अबू कंपनी १९२१ साली घड्याळाच्या कामातून निघाली, टॅक्सीचे मीटर बनवू लागली, आणि दुसऱ्या महायुद्धात मीटरची मागणी थांबली तेव्हा त्याच कारागिरांच्या हातून मासेमारीचे रील बनले. जपानची शिमानो त्याच १९२१ सालची, सायकलचे सुटे भाग बनवणारी. पुढे तीही रीलमध्ये आली.

फिनलंडच्या लौरी रापाला याची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. गरीब मच्छीमार. १९३६ साली त्याने चांभाराच्या सुरीने बुचाच्या लाकडातून मासा कोरला, चॉकलेटचा चांदीचा कागद चिकटवला आणि फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला. आज त्याचे नाव जगभरच्या दुकानांत आहे. अमेरिकेत ज्यूलिओ ब्यूएल याने जेवणाच्या चमच्यासारख्या आकाराचे धातूचे आमिष तयार करून १८५२ साली त्याचे पेटंट घेतले. कोणाकडेही सुरुवातीला निराळे यंत्र नव्हते. हातात असलेली कला त्यांनी नव्या वस्तूला लावली.

भाईंदरमध्ये काय होऊ शकते?

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी बनतात, प्रेस आणि पॉलिशची कामे चालतात. ब्यूएलचे आमिष म्हणजे काय? लांबट वाटोळी पत्र्याची चकती, थोडा खोलगट वाक, दोन टोकांना दोन छिद्रे, चकाकी, एक कडी, एक गळ. जाड पत्र्याचे आमिष लांब जाते व लवकर बुडते, पातळ पत्र्याचे हेलकावे घेत हळू उतरते. डाय काढून देणारा आणि पॉलिश करणारा आपल्याच गल्लीत आहे. फक्त पत्रा खाऱ्या पाण्यात टिकणारा हवा. ३०४ दर्जाचे स्टील महाग पडते, पण २०२ च्या पत्र्यावर खाडीत लवकर डाग पडतात.

दुसरे काम दुरुस्तीचे. खाडीचे पाणी रीलचा शत्रू आहे. घड्याळ किंवा शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याला रील उघडणे अवघड नाही: गोड्या पाण्याने धुणे, वाळवणे, दात्यांना ग्रीस आणि बेअरिंगला एक थेंब तेल. तिसरे काम, आयात 'बास' आमिषांच्या कमकुवत कड्या आणि गळ काढून दणकट बसवून देण्याचे.

शिसाचे वजन ओतणे सोपे दिसते, पण सावधगिरी हवी. धूर विषारी असतो, काम उघड्या हवेत करावे, मुलांना जवळ येऊ देऊ नये. साचा ओला असेल तर वितळलेले शिसे उडून डोळा जातो.

पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत लोहार, हत्यारे बनवणारे आणि मासेमारीचे जाळे विणणारेही आहेत. कर्ज नको असेल त्यानेही प्रशिक्षण आणि अवजारांसाठीच्या साहाय्याची चौकशी करावी. गळ, रॉड व तत्सम माल जीएसटीच्या ९५०७ या शीर्षात मोडतो. चालू दर आपल्या कर सल्लागाराकडून पाहून मगच बिल फाडावे.

हिशेबाची बाजू

हा धंदा बारमाही सारखा नाही. जून-जुलैत यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद असते, तेव्हा उत्तन-चौककडचे मोठे गिऱ्हाईक थांबते. काठावरचे हौशी मात्र पावसाळ्याच्या आसपासच जास्त येतात. म्हणून माल थोडा आणि वारंवार घ्यावा. महागडे रॉड मांडून भांडवल अडकवण्यापेक्षा गळ, तंगूस, शिसे, कड्या हे रोज खपणारे सामान आधी. उधारीची वही वेगळी ठेवावी. जोडधंदा म्हणूनच सुरुवात करावी, आहे तो धंदा मोडून नव्हे.

आणि एक गोष्ट. कल्याण-उल्हासनगरकडचे कारखान्यांचे सांडपाणी उल्हास नदीतून याच वसईच्या खाडीत उतरते. खारफुटी तोडली, भराव पडला, तर पिल्लांना जागा उरत नाही. मासा नाही तर गळ कोण घेणार? मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो, हातभर नसलेला जिताडा सोडून द्या. काही हसतात, काही ऐकतात.

परवा काका आले होते. सहा गळ घेतले, दोन स्वत: ताणून पाहिले. जाताना म्हणाले, "शेठ, आता सुटला तर दोष माझ्या हाताचा. तुझ्या गळाचा नाही." दुकानदाराला याहून मोठी कमाई कोणती?