शरदात फुलणारे केशर : कंदांची तुलना फुलांवरून नव्हे, पिल्लांवरून करावी

बहुतेक फुलझाडे वसंतात बहरतात. परंतु कंदवर्गीय वनस्पतींचा एक छोटा गट शरद ऋतूत, आश्विन-कार्तिकाच्या सुमारास फुलतो. ग्रीसमधील शरद-स्नोड्रॉप, कोल्चिकम आणि केशर ही या गटाची परिचित उदाहरणे होत. या वनस्पतींच्या मूळ प्रदेशात उन्हाळा कोरडा असतो व पाऊस हिवाळ्यात पडतो. त्यामुळे त्यांचे कंद उन्हाळाभर जमिनीत सुप्त राहतात आणि हवा थंड होऊ लागताच, पाने पुरती वाढण्याआधीच, फूल वर काढतात. यांपैकी व्यापारी महत्त्व मुख्यतः केशराला असून सध्या आपल्या देशात काश्मीरबाहेरही त्याचे प्रयोग सुरू आहेत. महाराष्ट्रात काही तरुण बंद खोलीत केशर घेत आहेत. पहिल्या वर्षी फुले येतात, छायाचित्रे प्रसिद्ध होतात. तिसऱ्या वर्षी मात्र त्याच कंदांचे काय झाले, हे क्वचितच सांगितले जाते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

वनस्पतीची ओळख

केशराचे शास्त्रीय नाव क्रोकस सॅटायव्हस. ही वनस्पती त्रिगुणित असून तिच्यात २४ गुणसूत्रे असतात. त्रिगुणित असल्यामुळे ती वंध्य आहे. तिला बी धरत नाही. तिची वाढ केवळ कंदांपासून होते. फिकट जांभळ्या फुलात सहा पाकळ्या, तीन पिवळे पुंकेसर आणि तीन लाल कुक्षी असतात. या वाळवलेल्या लाल कुक्षी म्हणजेच केशर. एक ग्रॅम सुके केशर मिळविण्यासाठी सुमारे १५० ते १६० फुले लागतात.

बी धरत नसल्याने निरनिराळ्या ठिकाणच्या केशरात आनुवंशिक भेद फार थोडा आढळतो. त्यामुळे विक्रेता ‘अमुक जातीचे केशर’ म्हणून अधिक दर मागत असेल, तर जातीपेक्षा कंदाचे वजन, त्याचे आरोग्य आणि साठवण यांची चौकशी करणे अधिक उपयुक्त ठरते.

वर्षाचे वेळापत्रक

काश्मीरमध्ये पांपोर परिसरातील करेवा पठारांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर, केशर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलते. फुलांनंतर पाने वाढतात आणि एप्रिल-मेपर्यंत हिरवी राहतात. याच काळात जुन्या कंदाच्या माथ्यावर नवे पिल्लू कंद पोसले जातात व मातृकंद आक्रसून नाहीसा होतो. पाने वाळल्यानंतर पिल्लू कंद सुप्तावस्थेत जातात आणि उन्हाळ्यात त्यांच्या आतच पुढील फुलाची कळी घडते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. शरदात दिसणारे फूल हे मागील हिवाळ्यात पानांनी कमावलेल्या अन्नाचे फळ असते. पुढील वर्षाचे फूल मात्र चालू हिवाळ्यात पाने किती काळ आणि किती सशक्त राहतात, यावर ठरते. फूल ही गतवर्षीची मिळकत होय. पिल्लू कंद हे पुढील वर्षाचे भांडवल होय.

तापमानाची भूमिका

केशराला फुलण्यासाठी बर्फ लागतो, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. सुप्त कंदात कळी घडण्यासाठी २३ ते २७ अंश सेल्सिअस तापमान अनुकूल असते व ते किमान ५० दिवस मिळावे लागते. ९ अंशांच्या थंडीत ठेवलेल्या कंदांत कळी घडत नाही. कळी घडल्यानंतर तापमान सुमारे १७ अंशांवर उतरले की फूल बाहेर पडते. तापमान ३० अंशांपर्यंत चढल्यास काही कळ्या आतच करपतात.

म्हणून कंद सरळ शीतगृहात ठेवण्याची चूक टाळावी. आधी मध्यम उबदार व कोरडी साठवण, त्यानंतर गारवा, हा क्रम पाळणे आवश्यक आहे. महाराष्ट्राच्या पठारी भागात खरी अडचण फुले आणण्याची नसून फुलांनंतरची आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तापमान वाढू लागताच पाने लवकर वाळतात आणि पिल्लू कंद लहान राहतात. शिवाय कंदांचा सुप्त काळ व आपला पावसाळा एकाच वेळी येतात. ओल्या जमिनीत राहिलेले कंद फ्युझॅरियम बुरशीमुळे होणाऱ्या कंदकुजीला सहज बळी पडतात. त्यामुळे अशा प्रदेशात पावसाळ्यापूर्वी कंद काढून हवेशीर व कोरड्या जागी पातळ थरात पसरून ठेवणे अपरिहार्य ठरते.

कंदाचे वजन आणि गुंतवणुकीचा हिशेब

सर्वसाधारणपणे आठ ग्रॅमपेक्षा लहान कंदांना फुले कमी येतात किंवा येतच नाहीत. लागवडीसाठी ८ ते १० ग्रॅम व त्याहून मोठे कंद निवडावेत. २० × १० सेंमी अंतराने लागवड केल्यास हेक्टरी पाच लाख कंद बसतात. प्रत्येकी १० ग्रॅम धरल्यास त्यांचे वजन ५० क्विंटल होते. लागवडीची खोली १० ते १५ सेंमी ठेवावी. पाणी साचणारी जमीन पूर्णपणे टाळावी.

प्रत्येक कंदाला सरासरी एक फूल धरले, तर एक ग्रॅम केशरासाठी प्रत्येकी १० ग्रॅमचे सुमारे दीड किलो कंद हाताशी असावे लागतात. या दीड किलोचा दर आणि एका ग्रॅम केशराची विक्री किंमत शेजारी-शेजारी मांडून पाहावी. एका हंगामात भांडवल वसूल होत नाही, हे त्यावरून दिसेल. म्हणजेच कंदांनी अनेक वर्षे स्वतःची भरपाई केली, तरच हे पीक परवडते.

तुलना कशी करावी

मोठी गुंतवणूक करण्यापूर्वी शेतकऱ्याने पुढीलप्रमाणे लहान चाचणी घ्यावी. विस्तार कार्यकर्त्यांनी नोंदवहीसाठी साहाय्य करावे.

१. कंद वजनानुसार तीन गटांत विभागावेत : ५ ते ८ ग्रॅम, ८ ते १२ ग्रॅम आणि १२ ग्रॅमपेक्षा अधिक. प्रत्येक गटात ३० कंद घ्यावेत.

२. प्रत्येक गटाचे दहा-दहाचे तीन भाग करून ते वाफ्यात किंवा खोलीत वेगवेगळ्या जागी मिसळून लावावेत. एक गट खिडकीजवळ आणि दुसरा कोपऱ्यात लावल्यास फरक कंदाचा की जागेचा, हे कळणार नाही.

३. लागवडीपूर्वी प्रत्येक भागाचे एकूण वजन नोंदवावे. कमाल-किमान तापमापक लावून रोजचे तापमान लिहावे.

४. पहिल्या फुलाची तारीख, एकूण फुले, सुक्या केशराचे वजन आणि पाने पूर्ण वाळल्याची तारीख नोंदवावी.

५. कंद काढल्यावर पिल्लू कंदांची संख्या, एकूण वजन, आठ ग्रॅमवरील कंदांची संख्या आणि कुजलेल्या कंदांची संख्या मोजावी.

यातील पाचवी नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. समजा, १० ग्रॅमच्या एका कंदापासून एका ठिकाणी ९ व ६ ग्रॅमचे दोन पिल्लू कंद मिळाले आणि दुसऱ्या ठिकाणी तीन-तीन ग्रॅमचे पाच. दोन्हीकडे एकूण वजन १५ ग्रॅमच भरते. दुसऱ्या ठिकाणी ‘एकाचे पाच झाले’ असा आनंदही होईल. परंतु पुढील शरदात फुलाची खात्रीशीर अपेक्षा पहिल्या ठिकाणच्या नऊ ग्रॅमच्या कंदाकडूनच करता येते. काढलेल्या कंदांचे एकूण वजन लावलेल्या वजनापेक्षा कमी भरले, तर शेतकरी भांडवल खाऊन फुले काढत आहे, असे निश्चित समजावे. ही चाचणी सलग तीन वर्षे घ्यावी.

खोलीतील उत्पादन

कंदातील साठ्यावर फूल मातीविनाही येते. म्हणून ट्रेमध्ये नुसते कंद ठेवूनही पहिली तोडणी मिळते. मात्र त्यानंतर मुळांना माध्यम, पोषण आणि पानांना भरपूर प्रकाश मिळाला नाही, तर पिल्लू कंद पोसले जात नाहीत. अशा ठिकाणी दर एक-दोन वर्षांनी नवे कंद विकत घ्यावे लागतात. कृत्रिम प्रकाश व वातानुकूलन यांच्या विजेचा खर्च स्वतंत्र मीटरवर मोजावा, अंदाजाने धरू नये.

फसवणुकीपासून सावधगिरी

केशराला बी नसते; त्यामुळे ‘केशराचे बियाणे’ या नावाने विकली जाणारी कोणतीही पुडी खरी असू शकत नाही. ‘अमेरिकन केशर’ म्हणून विकले जाणारे बियाणे बहुधा आपल्या ओळखीच्या करडईचे असते. करडईच्या वाळलेल्या पाकळ्या रंगाने केशरासारख्या भासतात. परंतु केशराचा तंतू एका टोकाला तुतारीसारखा रुंदावलेला असतो आणि पाण्यात सावकाश सोनेरी रंग सोडत स्वतः बराच काळ लालच राहतो. परदेशी कंद घेताना वनस्पती संगरोध आदेश, २००३ नुसार आयात परवाना व आरोग्य प्रमाणपत्र तपासावे. अन्यथा कंदांसोबत रोगही शेतात येतो.

सारांश

काश्मीरबाहेर केशर अशक्य आहे, असे नाही. सिक्कीममध्ये यांगांग येथे २०२० मध्ये झालेल्या प्रायोगिक लागवडीत फुले आली. हिमाचल प्रदेशातही प्रयोग झाले आहेत. थंड डोंगराळ भागात पाने दीर्घकाळ हिरवी राहण्याची शक्यता अधिक असते. मैदानी प्रदेशात मात्र प्रत्येकाने आपल्या हवामानात आपल्या कंदांची परीक्षा घ्यावी. प्रशिक्षण किंवा कंद विकणाऱ्याकडे पहिल्या वर्षीच्या फुलांचे छायाचित्र मागू नये. तिसऱ्या वर्षी काढलेल्या कंदांच्या वजनाची नोंद मागावी. ती नोंद मिळत नसेल, तर मोठी रक्कम गुंतवू नये. नव्वद कंदांची स्वतःची चाचणी आधी पूर्ण करावी.